माल पारखणारे औषध का पारखत नाहीत?

न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरमागे कागदांची एक रांग असते. बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उगमस्थानाचा दाखला, बिल ऑफ एंट्री. यांतील एका कागदावरचा आकडा चुकला, तर माल अडतो आणि डेमरेजचा मीटर सुरू होतो. न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावाने ओळखले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदर 26 मे 1989 रोजी कार्यान्वित झाले. तेव्हापासून मस्जिद बंदर आणि वाशी येथील किती तरी जैन व्यापारी घराण्यांची दुसरी पिढी या कागदांच्या शिस्तीतच घडली आहे. माल कोठून आला, कोणी बनवला, कधीपर्यंत टिकेल आणि वाटेत कोणी हाताळला, हे विचारल्याशिवाय पैसे न मोजणे हा त्यांचा स्वभावच झाला आहे.

औषधांच्या बाबतीत ही शिस्त आणखी कडक आहे. औषध कोणत्याही बंदरात उतरवता येत नाही. 1945 च्या औषध नियमांत आयातीसाठी ठरावीक ठिकाणे नेमून दिली आहेत आणि न्हावा शेवा हे त्यांपैकी एक आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे अधिकारी येथे माल तपासतात. परदेशी औषधाची नोंदणी आणि आयातीचा परवाना असावा लागतो. आयातीच्या वेळी औषधाचे किमान 60 टक्के आयुष्य शिल्लक असावे, असाही सर्वसाधारण नियम आहे.

हे सर्व ज्यांना तोंडपाठ आहे, तेच गृहस्थ स्वतःच्या शरीराचा आणि त्यातही लाजेचा प्रश्न आला की एकही कागद न मागता पैसे मोजून मोकळे होतात. हा विरोधाभास सर्वांत ठळकपणे दिसतो तो स्तंभनदोषाच्या उपचारांत. त्यातील सर्वांत नवा आणि आकर्षक वाटणारा उपचार म्हणजे बोटुलिनम विषाचे इंजेक्शन. चेहऱ्यावरील सुरकुत्या घालवणारे बोटॉक्स म्हणून जे द्रव्य सर्वांना ठाऊक आहे, तेच आता पुरुषाच्या इंद्रियात टोचून ताठरता परत आणता येते, असे सांगितले जाते. मोठ्या शहरांतील काही खासगी दवाखाने हा उपचार देऊ लागले आहेत. त्यात तथ्य किती आणि बाजार किती, हे शांतपणे पाहणे आवश्यक आहे.

व्याधीचे खरे नाव

संबंधाच्या वेळी इंद्रियाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, आणि असे काही महिने सातत्याने होत राहणे, याला स्तंभनदोष म्हणतात. 'नपुंसक' हा शब्द येथे अन्यायकारक आहे आणि चुकीचाही. ही व्याधी दुर्मीळ नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 40 ते 70 वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा 52 टक्के पुरुषांत सौम्य ते तीव्र असा कोणता ना कोणता स्तंभनदोष आढळला होता.

ताठरता म्हणजे रक्ताचा ओघ. मनात इच्छा उत्पन्न झाली की मज्जातंतूंच्या टोकांशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. त्यामुळे इंद्रियातील मऊ स्नायू सैलावतात, रक्त आत येते आणि कोंडले जाते. या वायूचे शरीरातील कार्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, बाजारात आले. याउलट नॉरअ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य तेच स्नायू आवळून धरते. भीती, चिंता, ताण यांत ते वाढते. गोदामात माल अडकला असताना किंवा उधारी बुडाली असताना शरीर साथ देत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

मात्र चाळिशी-पन्नाशीनंतर केवळ ताणाला दोष देऊन भागत नाही. इंद्रियातील रोहिण्या साधारण 1 ते 2 मिलिमीटर रुंदीच्या असतात, तर हृदयाच्या रोहिण्या 3 ते 4 मिलिमीटर. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि चरबी यांनी रोहिण्यांचे अस्तर खराब होऊ लागले की बारीक नळी आधी तक्रार करते. म्हणूनच अनेक रुग्णांत स्तंभनदोष हा छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी आलेला असतो. गादीवर दिवसभर बैठक, उशिराची झोप, तळलेले आणि गोड पदार्थ, व्यायामाचा अभाव, असे व्यापारी घरांतील अनेकांचे जीवन पाहिले, तर ही पूर्वसूचना त्यांच्यासाठी किती मोलाची आहे हे सांगावे लागू नये. या सूचनेकडे दुर्लक्ष करून थेट सुईकडे जाणे म्हणजे आगीचा भोंगा वाजताच त्याची तार कापण्यासारखे आहे.

विषाचे औषध कसे झाले

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि विष निर्माण करतो. ज्ञात विषांत ते सर्वांत तीव्र मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जस्टिनस केर्नर या जर्मन वैद्याने खराब मांसाहारातून होणाऱ्या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले. 'बोटुलस' या लॅटिन शब्दाचा अर्थच मांसाचा भरलेला तुकडा असा आहे. 1895 साली बेल्जियममधील एलझेल गावात अशाच अन्नाने विषबाधा होऊन तीन वादक दगावले आणि एमिल व्हॅन अर्मेंगेम यांनी त्यामागील जिवाणू शोधला.

हे विष मज्जातंतूच्या टोकाशी असलेले एक प्रथिन कापते. त्यामुळे तंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचत नाही आणि स्नायू सैल पडतो. तिरळेपणात डोळ्याचा एक स्नायू अतिरिक्त ओढत असतो. त्याला अत्यल्प मात्रेत सैल करता येईल, हे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट यांनी दाखवून दिले. डिसेंबर 1989 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता दिली. 2002 साली कपाळावरील आठ्यांसाठी आणि पुढे अनावर मूत्राशयासाठीही मान्यता मिळाली. योग्य हातांत आणि योग्य मात्रेत हे द्रव्य खरोखर औषध आहे, यात शंका नाही.

स्तंभनदोषातील तर्क याच धाग्याचा आहे. इंद्रियातील स्नायू आवळून धरणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन ज्या तंतूंतून सुटते, त्यांनाच या विषाने काही महिने शांत केले, तर स्नायू सैलावतील आणि रक्त सहज येईल. गोळी काही तास चालते. हा परिणाम काही महिने टिकावा, अशी अपेक्षा आहे.

चाचण्या काय सांगतात

तर्क चांगला असला, तरी औषध तर्काने सिद्ध होत नाही. इजिप्त आणि फ्रान्समधील वैद्यांनी गेल्या काही वर्षांत यावर अभ्यास केले आहेत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या इजिप्तमधील एका चाचणीत काही रुग्णांना 50 युनिट, काहींना 100 युनिट आणि काहींना केवळ मिठाचे पाणी टोचण्यात आले. विष टोचलेल्या गटांत सुधारणा अधिक दिसली, पण काही महिन्यांनी ती ओसरू लागली. फ्रान्समध्ये ज्यांना गोळ्या किंवा इतर इंजेक्शने पुरेशी पडत नव्हती, त्यांना त्या उपचारांच्या जोडीला हे द्रव्य देण्यात आले आणि काही रुग्णांना लाभ झाला.

या गोष्टी आशादायक आहेत, पण रुग्णसंख्या लहान आहे आणि पाठपुरावा थोड्या काळाचा. वारंवार टोचल्यास दहा वर्षांनी त्या ऊतींचे काय होईल, याचे उत्तर असे अल्पकालीन अभ्यास देऊ शकत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्तंभनदोषासाठी बोटुलिनमला मान्यता दिलेली नाही. भारतातही या व्याधीवरील तो मान्यताप्राप्त उपचार नाही. हा उपचार अद्याप संशोधनाच्या टप्प्यात आहे. कोणी त्याला 'सिद्ध आणि कायमचा इलाज' म्हणत असेल, तर त्याच क्षणी ग्राहकाने खिशातून हात बाहेर काढावा.

या द्रव्याच्या गैरवापराचे परिणाम जगाने पाहिले आहेत. 2023 च्या प्रारंभी तुर्कस्तानात वजन घटवण्यासाठी पोटात बोटुलिनम टोचून घेतलेल्या साठहून अधिक लोकांना विषबाधा झाली. त्यांत युरोपातून तेथे गेलेले अनेक जण होते. 2024 साली अमेरिकेत बनावट किंवा अयोग्य हाताळलेल्या बोटॉक्समुळे 11 राज्यांतील 22 जणांना त्रास झाल्याची नोंद तेथील आरोग्य यंत्रणेने केली. विष टोचलेल्या जागेपासून पसरले, तर गिळणे आणि श्वास घेणे अवघड होऊ शकते. त्यासाठी 2009 पासून अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतील ठळक इशारा छापला जातो.

बंदरावरचे प्रश्न दवाखान्यात

व्यापाऱ्याने येथे आपलीच विद्या वापरावी. पहिला प्रश्न निदानाचा. रक्तशर्करा, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, चरबी, रक्तदाब, हृदयाचा आलेख, सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन, ही तपासणी झाली का? ती न करताच सुई काढणारा वैद्य पॅकिंग लिस्ट न पाहता माल सोडणाऱ्या कारकुनासारखा आहे.

दुसरा प्रश्न क्रमाचा. वजन, व्यायाम, तंबाखूत्याग, साखरेवर नियंत्रण, मनाचा ताण, त्यानंतर गोळ्या, पुढे इतर मान्य उपचार, असा हा क्रम आहे. अनेकांची गोळी 'लागू पडत नाही', कारण ती चुकीच्या मात्रेत, भरपेट जेवणानंतर किंवा एकदाच घेऊन सोडलेली असते. चौविहार पाळणाऱ्यांची अडचण निराळी आहे. सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असल्याने संबंधाच्या तासभर आधी घ्यायची सिल्डेनाफिलची गोळी त्यांना घेता येत नाही, आणि हे सांगण्याचा संकोच वाटून ते उपचारच सोडतात. टाडालाफिल या गोळीचा परिणाम 36 तासांपर्यंत राहतो आणि ती कमी मात्रेत रोज दिवसाही घेता येते. एवढे वैद्याला मोकळेपणी विचारले, तर काहींना सुईपर्यंत जाण्याची वेळच येणार नाही. मात्र हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गटातील औषधे घेणाऱ्याने यांपैकी कोणतीही गोळी घेऊ नये. रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत उतरू शकतो. 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांत हीच द्रव्ये गुपचूप मिसळलेली आढळली आहेत, म्हणून तो धोका तेथेही आहे.

तिसरा प्रश्न मालाचा. बोटुलिनमची कुपी टोचण्यापूर्वी डोळ्यांसमोर उघडली जावी. तिच्यावर कंपनीचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि परदेशी माल असल्यास आयात परवान्याचा क्रमांक पाहावा. साठवण सामान्यतः 2 ते 8 अंश सेल्सिअसला असावी लागते. रीफर कंटेनरचे तापमान तासातासाने विचारणाऱ्याने दवाखान्यातील फ्रीजही पाहण्यास लाजू नये. एका कंपनीचे 100 युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचे 100 युनिट नव्हेत, हेही ध्यानात असावे. लेबलाचे छायाचित्र आपल्याजवळ ठेवावे आणि पक्के बिल घ्यावे.

चौथा प्रश्न माणसाचा. उपचार करणारी व्यक्ती मूत्ररोगतज्ज्ञ आहे का आणि तिची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद आहे का, हे पाहावे. मान्यता नसलेला वापर होत आहे, हे लेखी सांगून संमती घेतली जात आहे का, हेही पाहावे. 1954 च्या औषध व जादूटोणा उपचार कायद्यानुसार लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना बंदी आहे. म्हणून रेल्वेच्या डब्यातील चिठ्ठी किंवा मोबाइलवर येणारा 'हमखास' दावा ही आकर्षणाची नव्हे, तर सावध होण्याची गोष्ट आहे.

अहिंसेचा प्रश्न

जैन वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे, आणि तो टाळू नये. बोटुलिनमचे 'युनिट' हे मापच मुळात उंदराच्या मरणावरून ठरले. ज्या मात्रेने ठरावीक उंदरांपैकी निम्मे मरतात, ती मात्रा म्हणजे एक युनिट. अनेक वर्षे प्रत्येक बॅचची शक्ती या रीतीने तपासली जात असे. 2011 साली बोटॉक्सच्या उत्पादक कंपनीला अमेरिकेत प्राण्यांऐवजी पेशींवर आधारित चाचणी वापरण्याची परवानगी मिळाली आणि पुढे आणखी काही उत्पादकांनी तो मार्ग धरला. तथापि प्रत्येक कंपनीने तो धरला आहे, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय अनेक प्रचलित कुप्यांत मानवी रक्तातून काढलेले अल्ब्युमिन असते आणि एका प्रचलित प्रकारात दुधातील साखरही असते.

गृहस्थ श्रावक संकल्पी हिंसा सोडतो. उद्योगी आणि आरंभी हिंसेत तो विवेक ठेवतो. प्राण वाचवणारे औषध आणि सुरकुती मिटवणारे औषध यांना एकाच तराजूत घालता येणार नाही. स्तंभनदोष या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसतो. तो प्राण घेत नाही, पण संसार पोखरू शकतो. हाती दुसरा अहिंसक उपाय असताना हा मार्ग का, असे साधकाने स्वतःला विचारावे. ज्या घरांत या द्रव्याच्या व्यापाराचाच विचार होत असेल, त्यांना श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांतील विषवाणिज्य आठवेल. विष औषध झाले की तो निषेध लागू होतो की नाही, याचा निर्णय गुरुमहाराजांशी विचारविनिमय करूनच घ्यावा. परंतु त्यासाठी कुपीत काय आहे आणि ती कशी तपासली गेली, हे उत्पादकाकडून लेखी मिळवणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

व्याधी म्हणजे व्रत नव्हे

या विषयावर मराठी समाज पूर्वी बोललाच नाही, असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून लैंगिक आरोग्यावर मराठीत निर्भयपणे लिहिले आणि त्यासाठी खटले सोसले. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही घराघरांत मौन कायम आहे, आणि या मौनाची किंमत वेगवेगळे लोक मोजतात.

नवविवाहित दांपत्याला मूल होत नाही, तेव्हा सर्वप्रथम सुनेची तपासणी होते. सोनोग्राफीपासून नवसापर्यंत सर्व तिच्या वाट्याला येते. मुलाला काही विचारावे, हे कोणाच्या मनात येत नाही आणि आले तरी ओठांवर येत नाही. दुसरीकडे पन्नाशीचा गृहस्थ अचानक 'आता विरक्ती आली' असे सांगून वेगळ्या खोलीत झोपू लागतो. दोघांच्या संमतीने घेतलेले ब्रह्मचर्य व्रत ही गौरवाची गोष्ट आहे. परंतु व्रत हे समर्थ असताना स्वेच्छेने घेतले जाते. आजार लपवण्यासाठी पांघरलेली विरक्ती हे व्रत नव्हे. तिच्याखाली न तपासलेला मधुमेह आणि अरुंद होत चाललेल्या हृदयाच्या रोहिण्या असू शकतात. पत्नीला मात्र कारण कळत नाही आणि ती दोष स्वतःकडे घेत राहते. स्वदारसंतोष या अणुव्रतात जोडीदार असते, याचा विसर पडू नये. उपचार घ्यावा की न घ्यावा, गोळी घ्यावी की सुई, हा निर्णय दोघांनी मिळून केलेला बरा.

म्हणून ज्याला अशी तक्रार तीन महिन्यांहून अधिक काळ जाणवत आहे, त्याने बोटुलिनमची चौकशी करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या वैद्याकडे जावे. उपाशीपोटीची रक्तशर्करा, चरबी आणि हृदयाचा आलेख करून घ्यावा, आणि तक्रार आडवळणाने नव्हे तर तिच्या नावाने सांगावी. शक्य असेल तर पत्नीला सोबत न्यावे. त्या तपासणीत साखर किंवा हृदयाचा दोष वेळीच सापडला, तर मूळ तक्रारीचा उपचार काहीही ठरो, घराचा कर्ता माणूस वाचलेला असेल.